प्रेझेंट परफेक्ट आणि कांडीचं मशीन

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मी दोनदा नापास झाले. लेखी पेपर निघाला होता, अडकलं होतं ते बोलण्यात. तिसऱ्यांदाही राहिले असते तर बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता, आणि घरात त्याचा अर्थ ठरलेला होता. इचलकरंजीत ज्या कारखान्यात माझे वडील माग चालवतात, तिथंच आई मशीनवर सुताच्या कांड्या भरते. तिच्या शेजारचं मशीन मोकळं झालं होतं. आईनं मुकादमाला सांगून ते माझ्यासाठी धरून ठेवलं होतं.

"निकाल लागू दे, मग सांगतो म्हटलंय मी त्यांस्नी," ती मला भाकरी वाढता वाढता म्हणाली. आवाजात राग नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुलीला किती वेळा नापास होऊ द्यायचं असतं, याचा तिला अंदाज नव्हता. मलाही नव्हता.

माझी मैत्रीण मागच्या गल्लीत राहते. तिचे अब्बा आणि माझे वडील एकाच पाळीला, शेजारशेजारच्या मागांवर असतात. तीही माझ्यासारखी तोंडीत दोनदा अडकली होती. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी कोल्हापूरला जायचो आणि वाटेत क्रियापदांची तिन्ही रूपं म्हणायचो. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. एकदा कंडक्टर आमच्या सीटपाशी थांबले.

"काय मंत्र म्हंताय काय गं पोरीनो?"

"व्हय काका," मैत्रीण म्हणाली, "करणी झालीया आमच्यावर. उतरवालोय."

"मग आजून जोरात म्हणा की. हातकणंगल्यापतूर तरी उतरंल."

सगळी गाडी हसली. ती होती म्हणून मी त्या दिवसांत हसायचे. एकटी असले की परीक्षेला किती दिवस उरले ते मोजत बसायचे.

आमचं घोडं प्रेझेंट परफेक्टपाशी अडलं होतं. परीक्षक बाहेरून येतात आणि साधंच विचारतात. सकाळपासून काय काय केलं आहेस? कोणतं गाव पाहिलं आहेस? मला 'हॅव' आणि 'हॅज' पाठ होतं, तिसरं रूप पाठ होतं. पण माणूस समोर बसून उत्तराची वाट बघायला लागला की कुठलं वाक्य कुठं लावायचं तेच सुचायचं नाही.

एकदा वर्गात इंग्रजीच्या सरांनी मला उभं केलं आणि स्वतःबद्दल एक वाक्य बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "आय हॅव फेल्ड इन जून."

सर म्हणाले, "जून नको. महिना सांगितला की ती गोष्ट होऊन गेली, संपली. मग साधा भूतकाळ."

"पण सर," मी म्हटलं, "जूनचं अजून संपलेलं नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ए, हिचा माग बंद करा रे!" माझा आवाज मोठा आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग चालतात, तिथं हळू बोललेलं ऐकूच येत नाही. वर्ग हसत होता. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "उद्यापासून दोघी अर्धा तास आधी या. स्टाफरूममध्ये."

त्यासाठी आम्हाला आधीची एसटी धरावी लागली. सर रोज एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला सोसायचं नाही. एकदा मी तिथंच रडले. सरांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. सकाळपासून काय केलं आहेस यावर मी दहा वाक्यं लिहून पाठ केली. ती झोपेतून उठल्या उठल्या म्हणून बघायचे. एखादं विसरलं तर दिवसभर तेच डोक्यात राहायचं.

रविवारी वडिलांचा डबा घेऊन मी कारखान्यात जाते. माग चालू असताना तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून सगळे हातांनी बोलतात. दोन मुठी जवळ आणून झटक्यात बाजूला केल्या, की धागा तुटला. ते बघणाऱ्यानं पाचही बोटं जुळवून वर उचलली, की कुठल्या मागावर? मग बोटांनी नंबर. मिशीवरून बोट फिरवलं, की मुकादम आला. आताच्या मुकादमाला मिशी नाही, पण खूण तीच राहिली आहे. मी आणि मैत्रीण तिथंच सुताच्या पोत्यांवर खेळत वाढलो. या खुणा आम्हाला कुणी शिकवल्या नाहीत. अजूनही एसटीत गर्दीमुळं लांब लांब बसावं लागलं तर आम्ही तशाच बोलतो.

परीक्षेच्या दिवशी वर्गाचं दार उघडंच ठेवलं होतं. आत एकेकीला बोलवत होते आणि पुढचा नंबर असेल तिनं दारात थांबायचं होतं. मी आत गेले तेव्हा दारात मैत्रीण होती. परीक्षक म्हणून आलेल्या मॅडमचा चेहरा शांत होता. मला जरा धीर आला. सकाळपासून काय केलं असंच त्या विचारतील आणि माझी दहा वाक्यं तयार आहेत, असं मनात म्हणत मी बसले.

त्यांनी विचारलं, "व्हॉट हॅज चेंज्ड इन युअर लाइफ सिन्स यू केम टू कॉलेज?"

मी "आय हॅव" म्हटलं. पुढं काही आलं नाही. पुन्हा "आय हॅव" म्हटलं. कानात नुसता घूं असा आवाज भरला आणि डोळ्यांसमोर ते मोकळं मशीन आलं. आणि माझ्या नकळत माझे हात टेबलाच्या वर आले, दोन्ही मुठी जवळ आल्या आणि झटक्यात बाजूला झाल्या.

दारातून मैत्रिणीनं ते बघितलं. तिनंही विचार केला नाही. तिचा हात आपोआप वर गेला, पाचही बोटं जुळली. कुठल्या मागावर?

मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काय चाललंय हे? खुणा करून उत्तरं विचारतेस?"

"नाही मॅडम."

"मी बघितलंय. दोघींचे पेपर रद्द करायला लावू का?"

"मॅडम, ते आमच्या मागावरचं… म्हणजे घरचं…" मी मराठीत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"ही इंग्रजीची परीक्षा आहे. सांगायचं ते इंग्रजीत सांग."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. माय फादर हॅज वर्क्ड इन लूम्स सिन्स बिफोर माय बर्थ. माय मदर ऑल्सो. देअर इज टू मच साउंड. वी हॅव ऑल्वेज टॉक्ड विथ हँड्स. धागा तुटल्याची खूण मी पुन्हा करून दाखवली आणि म्हटलं, थ्रेड हॅज ब्रोकन. आवाज नेहमीसारखा मोठाच लागला होता, बाहेर सगळ्यांना ऐकू गेला असणार. अधेमधे चुका होत्या. एका ठिकाणी मी 'वर्क' म्हणायच्या ऐवजी 'काम'च म्हणून गेले. मॅडम मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट."

मी उठले. दारात मैत्रीण आणि मी एकमेकींच्या अंगाला घासून गेलो. मी तिला काहीच बोलले नाही. मॅडम बघत असतील अशी भीती वाटली.

नंतर तिनं सांगितलं की ती आत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. हात हलले तर पेपर रद्द होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मॅडमनी तिला तोच प्रश्न दोनदा विचारला. तिच्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही.

"हात दाबलं की तोंड बी दाबलं जातंय गं," ती एसटीत म्हणाली आणि हसली.

मी सुटले. ती राहिली.

निकाल कळला त्या दिवशी आईनं साखर आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वडील म्हणाले, "झालं एकदाचं." दुसऱ्या दिवशी आईनं मुकादमाला मशीन नको म्हणून सांगितलं. त्याच दिवशी दुपारी मैत्रिणीच्या अब्बांनी ते तिच्यासाठी मागितलं. आता ती माझ्या आईच्या शेजारी कांड्या भरते. आई सांगते, पोरीचा हात लई चपळ हाय. ती हे कौतुकानं सांगते आणि मला ते ऐकणं सोसत नाही.

त्या दिवशी मी मॅडमना माझ्या वडिलांचं सांगितलं, आईचं सांगितलं. दारातल्या मुलीचा काही दोष नाही, तिनं फक्त मला उत्तर दिलं, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. मला येत होतं ते. इतक्या दिवसांत तेवढं इंग्रजी मला नक्की आलं होतं. मी स्वतःला सोडवून घेतलं आणि उठले.

सरांना मी हे सगळं सांगितलं. मग ऑफिसातून तिच्या नावाचा पुनर्परीक्षेचा फॉर्म आणून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, यंदाचं वर्ष गेलं, पण हे निघालं तर पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळेल. मी तो तिच्या घरी घेऊन गेले. ती नुकतीच कामावरून आली होती, केसांना कापूस चिकटलेला होता.

"ठेव तिथं," ती म्हणाली.

"सही कर की. मी उद्या देतो नेऊन. मी शिकवतो तुला, रोज येतो हितं."

"तू?" ती म्हणाली. "तुला तरी कुठं येतंय?"

तिच्या अम्मीनं चहा दिला, तो मी प्याले. फॉर्म टीव्हीखालच्या फळीवर ठेवला आणि घरी आले. त्यानंतर तीनदा जाऊन आले. फॉर्म तिथंच होता, वर कुणीतरी चार्जर ठेवला होता.

मुदत शुक्रवारपर्यंत आहे. आज बुधवार. तिनं अजून सही केलेली नाही.