केबिन नंबरची चिठ्ठी बांधलेली बाटली

ती बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. एरवी पकडलेली दारू ठाण्यात येते ती प्लास्टिकच्या कॅनमध्ये, टायरच्या ट्यूबमध्ये, कधी दुधाच्या कॅनमध्येही. ही बाटली एका जाड, काळ्या, चिकटवून बंद केलेल्या पिशवीत होती. पिशवीला दोऱ्याने एक छापील चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर जहाजाचं चित्र, केबिनचा नंबर आणि इंग्रजीत एका बाईचं नाव.

मी लेखक नाही. निवृत्त झाल्यावर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आहे. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म भरणारा मीच पहिला, तोही साठीनंतर. आमच्या सरांनी सांगितलं की नोकरीतला एक अनुभव लिहून आणा. शौर्याच्या घटना लिहिता येतील असं काही माझ्याजवळ फारसं नाही. म्हणून ही लहानशी केस लिहितो आहे. लिहिताना काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गोंडपिपरीकडून येताना नदीचा पूल ओलांडला की आमची हद्द लागते. चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी तेव्हा उठली होती, आमच्याकडची कायम होती. त्यामुळे पुलाच्या त्या बाजूला दारूचं दुकान आणि आमच्या बाजूला दारू बाळगली की गुन्हा, अशी परिस्थिती. आमचा निम्मा दिवस त्या पुलावरच्या नाक्यावर जायचा.

सकाळी दहाच्या सुमारास ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "मुंबईच्या जहाजावरून सहलीचे लोक येऊन राह्यले. पांढरी ट्रॅव्हलर गाडी हाय. एका नर्सबाईच्या बॅगेत दारू हाय. सरकारी नोकरीतली हाय म्हणून सोडू नका."

खबर देणाऱ्याचा सूर मी नेहमी लक्षात ठेवत असे. काही खबरे भीतीने बोलतात, काही पैशासाठी. हा माणूस खुशीत बोलत होता.

गाडी दुपारी बारा वाजता नाक्यावर आली. आत बारा-तेरा लोक. मुंबईहून समुद्रात तीन दिवस फिरवून आणणाऱ्या मोठ्या जहाजाची सहल करून, रेल्वेने चंद्रपूरला येऊन ते सिरोंचाकडे आपापल्या गावी निघाले होते. महिला शिपायाने बॅगा तपासल्या. तिसऱ्या रांगेतल्या बॅगेत ती काळी पिशवी मिळाली. मी विचारण्याआधीच बॅगेशेजारची बाई उभी राहिली.

"माझी आहे, साहेब. बाकी कोणाला त्रास देऊ नका."

पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. डोक्यावरून ओढणी घेतलेली. सिरोंचा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर ती परिचारिका होती. नवऱ्याचं गावात टेलरिंगचं दुकान. मागच्या सीटवरून एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, आमाले जाऊ द्या. बाटली बाईचीच हाय. जहाजावर चढतानी पकडली होती, सगळ्याईनं पाहिलं. तीन दिवस आमची मान खाली." आवाज फोनवरच्या आवाजासारखा वाटला.

गाडी ठाण्यात आणली. नर्सबाईंच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, तीही उतरली आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. उन्हाने ती दमली होती. आमच्या शिपायाने तिला पाणी दिलं. नाक्यावर ती झोपेत होती आणि आता चहासाठी गाडी थांबली असावी, असा तिचा समज झाला होता, हे मला नंतर कळलं.

चौकशी सोपी होती. म्हणजे मला तशी वाटली.

"बाटलीत काय आहे?"

"इंग्लिश दारू. मुंबईला घेतली."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच."

"जहाजावर काय झालं?"

"त्यांच्या नियमात बसत नाही. केबिनमध्ये स्वतःची दारू ठेवू देत नाहीत. चढताना काढून घेतात, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवतात, उतरताना परत देतात. फॉर्मवर मीच सही केली."

फॉर्मची पावतीही तिने पर्समधून काढून दिली. नाव तिचं, सही तिची. आमचे ठाणे अंमलदार जुने माणूस. ते हळूच म्हणाले, "साहेब, पोलिसासमोरच्या कबुलीचं कोर्टात काही होत नाई. पण ही पावती म्हणजे पक्का कागद हाय. इतकी सरळ केस वर्षात एक भेटते."

मलाही तसंच वाटलं. पंच बोलावले, एक पानठेलेवाला आणि एक सायकल दुरुस्तीवाला. पंचनाम्याचा मजकूर मी स्वतःच लिहायला घेतला. 'विदेशी मद्याची एक सीलबंद बाटली' असं लिहिलंसुद्धा. पिशवी अजून उघडलेली नव्हती. इतकी वर्षं नोकरी करून मी न पाहिलेल्या वस्तूचं वर्णन केवळ कोणी सांगितलं म्हणून लिहून बसलो होतो.

तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, एक विनंती. ऑफिसला कळवाल तेव्हा आधी माझ्या नवऱ्याला सांगायला वेळ द्या. सस्पेंड तर होणारच. पण माझ्या घरात कधी कोणी दारूला हात लावलेला नाही. त्याला बाहेरून कळायला नको."

हे वाक्य मी ऐकलं आणि लिहीत राहिलो. आज याची लाज वाटते. घरात कधी कोणी हात लावला नाही, असं त्या स्वतःच सांगत होत्या.

मग रासायनिक तपासणीसाठी नमुना काढायला पिशवी कापली. आतून निघाली शरबताची जुनी बाटली, तोंडात लाकडाचं बूच, वर चिंधी घट्ट गुंडाळलेली. बूच काढताच खोलीभर मोहाच्या दारूचा वास सुटला. आमच्या भागात हा वास ओळखायला कोणाला शिकावं लागत नाही. पानठेलेवाल्या पंचाने खाली मान घालून हसू दाबलं. "साहेब, हे इंग्लिश तं आमच्याच जंगलातलं हाय."

मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर ओढणी धरली होती. स्वतःच्या बाटलीत काय आहे तेच त्यांना धड सांगता आलं नव्हतं. बाटली त्यांची नव्हती. मी लेखणी खाली ठेवली.

"बाई, खरं सांगा."

"खरंच सांगितलं. पावती आहे ना तुमच्याकडे? आणखी काय पाहिजे? लिहा आणि मोकळे करा," त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या. उपकेंद्रात त्या असंच बोलत असतील.

आवाज चढला तशी व्हरांड्यातली म्हातारी दारात आली. टेबलावर उघडी बाटली पाहिली. सगळं तिच्या लक्षात आलं.

"सिस्टर, तू काऊन बोलून राह्यली? बाटली मायी हाय."

"माय, तू बाहेर बस. तुला काही कळत नाही."

"मले कळत नाई? तुया हातात पोरं मी देल्ली, नाळ कापाची कशी ते मी दाखवलं, अन् मले कळत नाई?" मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू रे साहेब, एवढा मोठा झाला, इचारायचं नाई का कोणाची हाय? हे पोरगी वासानं तोंड फिरवते, तुले दिसत नाई?"

ही म्हातारी त्या उपकेंद्राच्या गावची गोंड समाजातली दाई होती. दोघींनी वीस-बावीस वर्षं मिळून बाळंतपणं केली होती. म्हातारीने समुद्र पाहिला नव्हता म्हणून नर्सबाईंनी तिला सोबत नेलं. केबिन दोघींची एकच.

मी तिला खुर्ची दिली आणि सांग म्हटलं.

तिचा नवरा सिरोंचाकडे नदीवर डोंगा चालवायचा. लोकांना या काठावरून त्या काठावर न्यायचा. नव्या पाण्यात डोंगा घातला की तो आधी घरचा मोह पाण्याला द्यायचा, थेंबभर, मगच वल्हं हातात घ्यायचा. तो वारला. ही आता एवढ्या मोठ्या पाण्यावर चालली, तर त्याच्या नावाने थोडा मोह द्यावा म्हणून तिने घरचीच बाटली बोचक्यात बांधून घेतली. नर्सबाईंना सांगितलं नव्हतं. जहाजावर चढताना सामान यंत्रातून गेलं आणि बाटली निघाली. फॉर्म इंग्रजीत, केबिन नर्सबाईंच्या नावावर, म्हणून सही त्यांनी केली.

"मंग चढल्यावर पाह्यलं तं आतमधी हॉटेल, अन् तिथी दारूच दारू. मी त्या टोपीवाल्या पोऱ्याले म्हटलं, तुमची चालते अन् मायी काऊन नाई चालत रे? तो हसला. लई गोड पोऱ्या होता. पण बाटली देल्ली नाई. उतरल्यावर सिस्टरच्या हातात देल्ली. तवा पाणी मांगं राह्यलं होतं."

"मग तिथेच टाकून का नाही दिली?"

"घरची वस्तू हाय. टाकून कशी देऊ?"

मी नर्सबाईंना विचारलं, तुम्ही स्वतःवर का घेतलं? त्यांनी म्हातारीच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "हिला एकदा नेलं होतं ठाण्यात, मोह काढला म्हणून. दुसऱ्या ठाण्यात, तुमच्या नाही. परत आली तेव्हा महिनाभर हात थरथरत होते. एकाही बाळंतपणाला आली नाही. मला नोकरी गेली तर चालेल असं नाही, साहेब. पण ते मला पुन्हा बघायचं नव्हतं."

म्हातारी म्हणाली, "लिही मायं नाव. आंगठा मांग, देतो. पण या पोरीचं नाव त्या कागदावर राह्यलं तं मी इथून उठणार नाई."

आता खरी अडचण माझी होती. बाटली डोळ्यांसमोर होती, पंच बसले होते, केस टाळणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. मी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली, बाजूला सही केली आणि 'मोहाची हातभट्टी दारू' असं लिहिलं. म्हातारीचा आणि नर्सबाईंचा जबाब जसा सांगितला तसा घेतला. जहाजाची पावती का आणि कशी झाली तेही त्यात आलं. वय पाहून म्हातारीला अटक न करता कोर्टात हजर राहण्याची सूचना दिली आणि जप्तीची प्रत तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट पाहिली. "जहाजवाल्यानं चित्राची देल्ली होती," म्हणाली.

नर्सबाईंच्या विभागाला कळवण्यासारखं काही उरलं नाही. त्यांची नोकरी राहिली.

कोर्टात म्हातारीने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी वय आणि हकिगत लक्षात घेऊन किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. ती मागच्या बाकावर सरळ बसून राहिली. शेजारी नर्सबाई, किरकोळ रजा टाकून आलेल्या, डबा घेऊन. मी दोनदा डोकावलो. तिचे हात मांडीवर स्थिर होते.

काही महिन्यांनी मुद्देमाल नष्ट करण्याचा आदेश आला. ठाण्याच्या मागे खड्डा करून पंचांसमोर दारू ओतायची, ही पद्धत. मी नर्सबाईंना फोन करून फक्त दिवस आणि वेळ सांगितली. दोघी आल्या आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या. बाकीचे कॅन शिपायांनी उपडे केले. ती बाटली मी घेतली आणि हळू ओतली. म्हातारी गोंडीत काहीतरी बोलत होती, समोर कोणी उभं असावं तशी. संपल्यावर मी नर्सबाईंना विचारलं, काय म्हणाली?

"त्याला सांगते आहे. म्हणाली, पाणी लई मोठं होतं, दुसरा काठ दिसत नव्हता. अशा पाण्यात डोंगा घालायचं काम नाही तुझं."

माझ्या नोकरीतली ही मोठी केस नाही. बढतीच्या कागदात तिचा उल्लेख नाही. पण पावती आणि कबुली दोन्ही हातात असताना माझ्या स्वच्छ अक्षरात एका निर्दोष बाईची नोकरी आणि घरची अब्रू गेली असती, हे मला माहीत आहे. ते टळलं यात माझी हुशारी थोडी. पिशवी कापली ती नमुना नियमाने काढावा लागतो म्हणून. एक बाई दुसरीसाठी खोटं बोलली आणि दुसरीने तिच्यासाठी खरं सांगितलं, म्हणून मी चुकीच्या सहीपासून वाचलो. त्यानंतर कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय मी तिचं वर्णन लिहिलं नाही आणि दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'बाहेर बसा' असं कधी कोणाला म्हणू दिलं नाही. त्या दोघींचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. वर्दीत असताना ते सुचलं नाही. आज मानतो.