हरी राम की हरिराम?
आमच्या मालवणच्या तार ऑफिसातला एक कारकून बोलताना शब्दागणिक थांबायचा, पण माणसाचं नाव मात्र एका श्वासात घ्यायचा. तारेत दोन शब्दांमधली जागा म्हणजे क्षणभराची शांतता, आणि ती चुकली की एका माणसाची दोन माणसं होतात, असं तो म्हणे.

एकदा वादळात विजयदुर्गाजवळ गलबत बुडालं. तारकर्लीच्या एका बाईचे हरी आणि राम हे दोन्ही मुलगे त्यावर होते. ती ऑफिसच्या पायरीवर बसून होती. तार आली, ‘हरी राम सुखरूप’. खिडकीतून कुणीतरी ती मोठ्याने वाचली आणि बाईने हात जोडले.

“थांबा,” कारकून म्हणाला. “गलबतावर हरिराम नावाचा खलाशीही होता. विचारून घेतो.”

लोक चिडले, पण त्याने पलीकडच्या ऑफिसला तारेवरून विचारलंच. उत्तर आल्यावर तो बाहेर आला. ऑफिसात कधी मालवणी न बोलणारा तो बाईसमोर उकिडवा बसला.

“बाये, हो एकच माणूस, हरिराम. तुझ्या झिलांची खबर अजून येवक नाय.”

ती रडत घरी गेली. पुढे दोन्ही मुलगे पायी चालत परतले. मच्छीमारांनी त्यांना वाचवलं होतं. कारकुनाने बाईला उगाच रडवलं, असं बाजारात सगळे म्हणू लागले. मीही त्याला तसं सुचवलं.

“ते येतले, ह्या त्या दिवशी माका खंय म्हायत होता?” एवढंच तो म्हणाला, आणि पुढची तार घ्यायला वळला.