बाबांचा एकच चेहरा

आमच्या परळच्या चाळीत गॅलरीत कॅरम मांडला की एक नियम लहानथोर सगळ्यांना लागू असायचा. राणी गेली तरी तिच्यामागून कव्हर, म्हणजे आपली एक सोंगटी, जाईपर्यंत कुणी तोंडातून 'वा' काढायचा नाही. काढलाच, तर बाबा असे बघायचे की तो अर्धवट गिळावा लागे. मला हा नियम भारी खडूस वाटायचा. जिंकले की मी नाचणारी, हरले की स्ट्रायकर आपटणारी.

मी खेळायचे मात्र झकास, हे आजही कुणालाही सांगेन. म्हणूनच एका कंपनीने खेळाडूंना नोकरी द्यायला घेतलेल्या निवड स्पर्धेत मी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. जिंकले तर कायमची नोकरी. मी राणी घेतली, मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, मीही वळून हसले आणि पुढचं सोपं कव्हर घालवलं. राणी परत मधोमध. समोरचीने ती कव्हरासकट घेतली आणि नोकरीही.

घरी आले तर गॅलरीत शेजारणी जमलेल्या. "जाऊंदे गो बाय, नशिबात नव्हतां," एकीने म्हटलं आणि मला रडू फुटलं. बाबांनी नुसतं वर पाहिलं.

"हातपाय धू. बोर्ड लावतो."

असा राग आला! पोरीची नोकरी गेली आणि या माणसाला काहीच नाही? तरी खेळायला बसले. रडत रडत खेळले, दुसऱ्या दिवशी न रडता.

पुढच्या वर्षी तीच स्पर्धा मी जिंकले. राणी, कव्हर, मान खाली, पुढची सोंगटी. नोकरी पक्की झाल्याचं कळवायला फोन केला, तर बाबा म्हणाले, "बरं झालं. येताना पाव आण."

पाव! घरी पोचताच मी पिशवी त्यांच्यासमोर आपटली. "आज तरी हसा की हो बाबा! नोकरी लागली मला."

त्यांनी शांतपणे पिशवीची गाठ सोडली.

"जिंकल्यावर हसणारं तोंड हरल्यावर पडतंच. गेल्या वर्षी हरून आलीस, तेव्हा मी तोंड पाडून बसलो असतो, तर यंदा गेली असतीस खेळायला?"

नसते गेले. त्यांचं ते पडलेलं तोंड पुन्हा बघायला लागेल या भीतीने मी स्ट्रायकरला हातसुद्धा लावला नसता.