एकनाडीचं तिकीट

कुठल्या माणसाशेजारी उद्या कोण उभं राहणार, हे आमच्या आतोबांइतक्या खात्रीनं आणि आतोबांइतकं चुकीचं सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे नाशिकचे, सौदीत अबकैकच्या तेलप्रकल्पावर एका ठेकेदार कंपनीत इंजिनियर, आणि मनानं कायमचे अमेरिकेत. अमेरिका त्यांनी पाहिलेली नव्हती. पण तिथल्या दोन पक्षांत अध्यक्षपदाचं तिकीट कुणाला मिळणार आणि ज्याला मिळेल तो उपाध्यक्ष म्हणून कुणाला शेजारी घेणार, याची जेवढी काळजी त्या दोन्ही पक्षांनी मिळून केली नसेल तेवढी आतोबांनी एकट्यानं वाहिली. तिथली निवडणूक चार वर्षांतून एकदा येते. आतोबांचं पीक बारमाही होतं. त्यातही पहिल्या नावात त्यांना रस नसे. "पहिलं नाव गाढवसुद्धा सांगेल रे. दुसरं सांगून दाखव!" असं म्हणून ते स्वतःच दुसरं सांगत, आणि ज्याचं नाव त्यांच्या तोंडून निघे तो बिचारा महिन्याभरात एक तर शर्यतीतून बाहेर पडे, नाहीतर त्याची काहीतरी भानगड वर्तमानपत्रात येई. त्यांचा टेक्सासचा साहेब तर मुद्दाम येऊन विचारायचा, "तुझा माणूस कोण ते सांग, म्हणजे मी त्याचं नाव खोडतो." आतोबांना तो सन्मान वाटायचा.

या सगळ्यामागे सिद्धांत होता, आणि तो आपल्या भटजींचा होता. निवडणुकीचं तिकीट म्हणजे लग्न, असं ते मानत. पहिला उत्तरेचा तर दुसरा दक्षिणेचा हवा. पहिला म्हातारा तर दुसरा तरणा, पहिला बडबड्या तर दुसरा घुमा. दोघं एकाच वळणाचे निघाले की झाली एकनाड, आणि एकनाड आली की ते तिकीट पडलंच म्हणून समजा. नवराबायकोच्या पत्रिकेत एकनाड निघाली तर स्थळ मोडतात, इथे तर अख्खा देश आहे, असं ते गंभीरपणे सांगत. हीच दृष्टी त्यांनी सगळ्या विश्वाला लावली होती. कॅरमच्या डबल्समध्ये कोण कुणाचा पार्टनर हे तेच ठरवत, आणि त्यांनी जुळवलेली जोडी हमखास हरे. जेवायला बसले की पानातसुद्धा उमेदवार दिसत. "भरलं वांगं अध्यक्ष, भाकरी उपाध्यक्ष. वांगं तिखट आहे म्हणून भाकरी गरीब लागते." यावर आत्या विचारायची, "आणि चटणी?" "चटणी विरोधी पक्ष." "मग विरोधी पक्ष आणखी वाढू का?"

साहेबलोकांकडून रद्दीत आलेली अमेरिकन साप्ताहिकं हा त्यांचा मुख्य आधार. ती आमच्या हातात येईपर्यंत सरकारी तपासनिसानं बायकांचे दंड, पाय आणि कधीकधी अख्ख्या बायका काळ्या शाईनं बुजवलेल्या असत, एखादं पान कापलेलंही असे. तशा अर्धवट बातमीवर आतोबा पूर्ण भाकीत करत. एकदा एका उमेदवाराचा सपत्नीक फोटो होता. तो हसतोय आणि शेजारी काळा डाग. आत्या पाहून म्हणाली, "याची बायकोच पुसून टाकली. आता जोडी कशी कळायची तुम्हाला?" आतोबांनी फोटो उजेडात धरून डागाची उंची पाहिली आणि म्हणाले, "शोभते."

मला या प्रकाराची चीड होती, आणि ती मी लपवत नव्हतो. सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर पत्रकं वाटणं हे माझं शिक्षण. त्या शिक्षणापायी नोकरी गेली, आत्यानं शब्द टाकला, म्हणून मी आतोबांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन झालो. आमचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही या देशात राहत होतो त्या मालकाच्या, कपाटात. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे. मी एकदा भडकून म्हणालो, "आतोबा, इथे आपल्याला मत नाही. नाशिकला आहे तर तिथवर पोचता येत नाही. आणि तुम्ही तिसऱ्याच देशाचा उपाध्यक्ष ठरवत बसता?" आतोबा शांतपणे म्हणाले, "मत नाही म्हणून तर, बाळा. मत असतं तर मीही तुझ्यासारखा नुसत्या शिव्या दिल्या असत्या."

एका शुक्रवारचं जेवण मला अजून जसंच्या तसं आठवतं. साप्ताहिकात कुठल्याशा दक्षिणेकडच्या राज्याच्या तरुण गव्हर्नराचा फोटो होता, आणि पुढेमागे याला तिकीट मिळालंच तर जोडीला उत्तरेचा एखादा पिकलेला म्हातारा लागणार, असा निकाल आतोबांनी दिला होता. आत्या भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "आणि यानं शेजारच्याच राज्यातला, आपल्याच वयाचा कुणी घेतला तर?"

"एकनाड होईल! तिकीट पडेल."

"पडायचं काय त्यात? आपली एकनाडच होती की. गुरुजी नको म्हणाले, तुमच्या आई नको म्हणाल्या. स्थळ तर इतकं लांबचं, की तुमच्या खिडकीतनं आमचा ओटा दिसायचा! पडलो का आपण?"

"ते लग्न. हे राजकारण."

"मग राजकारणात पत्रिका कशाला बघता, अहो?"

आतोबांनी ठेचा मागितला. उत्तर नसलं की ते ठेचा मागत. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं खापर नाशिकचे नातेवाईक त्याच एकनाडीवर फोडत. पण आतोबांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही.

त्या ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्या भागातली कुटुंबं भराभरा मायदेशी जाऊ लागली. आत्याही गेली. निघताना मला म्हणाली, "यांचं ऐकून घेत जा. पटायला नको. ऐकायला माणूस लागतो." नाशिकला पोचल्यावर तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, आणि आत्यानं फोनवर कळवून टाकलं, "हे आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही."

आतोबांची सुट्टी जानेवारीच्या सुरुवातीला मंजूर होती. पण आमच्या विभागातून एका वेळी एकालाच सोडायचं असा कंपनीचा हुकूम. आणि दापोलीकडचे एक वेल्डर होते, आतोबांचे कॅरमचे कायमचे पार्टनर, म्हणजे कायमचे हरणारे. ते येऊन उभे राहिले. "सायेब, पोरीचा निकाह जानेवारीत धरलाय नि माझी पाळी फेब्रुवारीत. बाप मांडवात नसला तर कसं व्हायचं?" आतोबांनी जागच्या जागी पाळी बदलून दिली. मी संतापलो. इराकला माघारीची मुदत दिलेली होती, ती जानेवारीच्या मध्याला संपत होती. पण आतोबांकडे सिद्धांत होता. "अरे, ज्या अध्यक्षाला पुन्हा तिकीट हवंय तो लढाई करील? शवपेट्या घरी पाठवून कुणी मतं मागतं का? लढाई होत नाही, मी सांगतो. फेब्रुवारीत मी नाशिकला." तसंच त्यांनी आत्यालाही फोनवर सांगितलं. आत्या म्हणाली, "बरं. मग फेब्रुवारीत."

वेल्डर गेले आणि आठवड्याभरात लढाई सुरू झाली. दहरानचा विमानतळ सैन्याचा झाला, आमच्या विमानांना बंद. जेद्दाहून काही विमानं उडतात असं लोक म्हणत, पण जेद्दा देशाच्या दुसऱ्या टोकाला आणि पासपोर्ट कपाटात. क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजू लागले. विषारी वायूच्या भीतीनं अमेरिकन वसाहतीत रबरी मुखवटे वाटले गेले. आमच्या कंपनीनं ते इंजिनियरांपर्यंत आणले आणि तिथे हात आखडला. वेल्डर, फिटर, झाडूवाले यांना सूचना अशी की भोंगा झाला की ओला टॉवेल तोंडाला धरा. जणू वायूला पगाराची श्रेणी कळते! मी याविरुद्ध तोंड वाजवत राहिलो. आतोबांनी मात्र जोड्या लावल्या. मुखवटावाला एक, टॉवेलवाला एक, आणि मुखवटा आळीपाळीनं. स्वतःच्या वाट्याला त्यांनी मेसचा आडमाप केरळी आचारी घेतला, कारण आतोबा काडीपैलवान, म्हणजे पत्रिका उत्तम. भोंगा होताच ते मुखवटा त्याच्या डोक्यावर चढवू लागत. तो काही केल्या कानाखाली उतरायचा नाही, आणि तोवर भोंगा संपायचा. वायू आला नाही म्हणून दोघं वाचले.

अशातच एका दुपारी मेसमध्ये ती गोष्ट झाली. रेडिओवर कुणीतरी पुढच्या अमेरिकन निवडणुकीबद्दल बोललं, आणि आतोबा सवयीनं टेबलावर हात मारून ओरडले, "लिखके लो! टिकट सिर्फ दो को मिलेगा!" मेस उठली. ताटं टाकून, खरकट्या हातांनी माणसं आतोबांभोवती गोळा झाली. "कौन दो, साहब?" "साहब, मेरी माँ अस्पताल में है." "साहब, मेरा नाम पहले बोला था." विमानाचं तिकीट! त्या दिवसांत त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. आतोबा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "वो… अमरीका का." माणसं आपापल्या ताटांकडे परत गेली. त्यानंतर तिकीट हा शब्द मी आतोबांच्या तोंडून ऐकला नाही.

आतोबांचा पासपोर्ट देऊन त्यांना जेद्दामार्गे घरी सोडावं, असा कंपनीला अर्ज मी लिहिला. पत्रकासारखा झाला होता. आतोबांनी त्यातला 'नराधम' काढायला लावला. अशा वेळी एकट्याचा अर्ज केरात जातो, दोन सह्या असल्या तर निदान वाचतात. आतोबा म्हणाले, "पहिलं नाव माझं. दुसरं कोण?"

"मी."

"तू नाही. तुझं नाव दिसलं की खलास. दुसऱ्या दिवशी विमानात घालून परत पाठवतील."

"बरंच की! विमान तरी मिळेल."

ते हसले, पण नाव घालू दिलं नाही. मी आमच्या प्रत्येक इंजिनियराच्या दारात गेलो. सगळ्यांना आत्याबद्दल वाईट वाटत होतं. सगळ्यांनी चहा दिला. तिच्या हातची भाकरी खाल्लेल्या या माणसांपैकी एकानंही सही केली नाही, आणि त्यांना मुलंबाळं होती, भीती होती, हे सगळं मला कळतं, तरी माझा राग गेलेला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची दुसरी नावं शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावामागे एक नाव मिळालं नाही. अर्ज एकट्यानं गेला आणि 'अत्यावश्यक कर्मचारी' असा शेरा घेऊन परत आला.

फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. आत्याचा फोन आला. लाइन खरखरत होती, आतोबा मोठ्यानं "हो, हो" म्हणत होते, आणि एवढ्या खरखरीतून तिचं शेवटचं वाक्य मला शेजारी उभ्यानं ऐकू आलं. "चढते मी टेबलावर. तुम्ही टॉवेल ओला ठेवा."

ती टेबलावरून उठली नाही. नाशिकहून माझ्या वडिलांचा फोन ऑफिसात मलाच आला. मी आतोबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं काहीच लागलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "जन्मभर हसली रे माझ्या अंदाजांना. हा एकच खरा धरला."

युद्ध संपलं, विमानं सुरू झाली, आणि कंपनीनं आतोबांना ताबडतोब सुट्टी दिली. घाई संपल्यावर. ते निघण्यापूर्वी वेल्डर परत आले. त्यांना सगळं वाटेतच कळलं होतं. मिठाईचा डबा हातात घेऊन ते दारातच रडू लागले. "सायेब, तुमची पाळी मी खाल्ली." आतोबांनी डबा त्यांच्या हातातून घेतला, उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "जावई कसा आहे? जोडी शोभते ना?"

पुढे आतोबा नाशिकला कायमचे परतले. मीही परतलो आणि पुन्हा पत्रकं लिहू लागलो. त्यांच्याकडे जायचो तेव्हा ते हवापाण्याचं बोलत, माझ्या खटल्यांची चौकशी करत. रेडिओ कपाटावर होता, त्याच्यावर धूळ. अमेरिकेचं नाव नाही. ज्या बडबडीचा मला इतका संताप यायचा तिच्यावाचून ते घर मला सहन होईना. लढाईच्या पुढल्या वर्षी जुलैत अमेरिकेतली ती बातमी आली, तेव्हा मी सायकल काढून तडक त्यांच्याकडे गेलो. दारातूनच म्हणालो, "आतोबा, त्या दक्षिणेच्या तरण्या गव्हर्नराचं तिकीट नक्की. दुसरं नावही आलं!"

त्यांनी विचारलं नाही. मग मीच सांगितलं, "शेजारच्या राज्यातला आहे. वयही तेच. आत्या म्हणाली होती तसाच."

आतोबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

"म्हणजे एकनाड," ते म्हणाले.

"एकनाड."

ते उठून खिडकीशी गेले. समोर आत्याच्या माहेरचा तो जुना ओटा होता. ते घर आम्ही केव्हाच विकलं होतं, आणि पावसाची उघडीप बघून कुणीतरी त्यावर गहू वाळत घातले होते. मी विचारलं, "मग काय वाटतं, आतोबा? येतील निवडून?"

"तेवढं काही ती बोलली नव्हती," आतोबा म्हणाले.