बिल्ला नसलेले शंभर शेअर

बसस्थानकाच्या सामानघरात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक बिल्लाकाका म्हणायचे. जोडीतला एक बिल्ला गाठोड्याला बांधायचा, दुसरा मालकाच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. बिल्ला हरवला म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही त्याची पेटी दिली नव्हती. एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नाही, हे ते येताजाता ऐकवत. ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

त्याच काकांनी मंगळवारी सकाळी वडिलांचे शंभर शेअर भलत्यांच्याच हवाली केले.

शेअर सायकलच्या कारखान्याचे. वडील तिथे फिटर होते. ते गेल्यावर सगळे शेअर काकांच्या एकट्याच्या नावावर झाले, आणि थोरल्या ताईने अकरा वर्षं या घराची पायरी चढली नाही. गेल्या महिन्यात अचानक तिचा फोन आला. बाबांची आठवण म्हणून ते शेअर हवेत, पण विकत. फुकट दिलेस तर घेणार नाही, असं तिने बजावलं. काकांना काय करू नि काय नको असं झालं. बाजारात भाव दोनशे बारा होता. बहिणीला एकशे नव्वदला द्यायचे ठरले. ताईने आपल्या फोनवर एकशे नव्वदची खरेदी लावून ठेवली, आणि ठरल्या वेळी काकांनी आपल्या फोनवर एकशे नव्वदची विक्री लावली.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शेअर गेले. साठ एकाला, पंचवीस दुसऱ्याला, पंधरा तिसऱ्याला, आणि तेही दोनशे बाराच्या आसपास. ताईची खरेदी आपली ताटकळतच राहिली.

"जास्त भाव दिसला आणि विकलेस," ती फोनवर म्हणाली. "तेव्हाही असंच केलं होतंस." आणि तिने फोन ठेवला.

काका तडक दलालाच्या ऑफिसात गेले. टेबलामागच्या मुलीने शांतपणे समजावलं. जास्त भाव देणाऱ्याचा नंबर आधी लागतो. भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याचा. एकशे नव्वद म्हणजे त्याहून कमी नको एवढंच मशीनला कळलं, म्हणून त्याने चांगला भाव बघून माल देऊन टाकला. शिवाय आपसात ठरवून बाजारात असा सौदा करायचाच नसतो, घरच्यांना द्यायचे तर वेगळा फॉर्म भरायचा. काका मान डोलावत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. घेतले कोणी, काकांनी विचारलं. ते आम्हालाही दिसत नाही. मग शेअरवर काही नंबर? कागद होते तेव्हा असायचा, आता सगळे सारखेच.

"मग आमच्या बाबांचे कुठले?" काकांनी विचारलं.

मुलीने त्यांना पाणी दिलं आणि सौद्याचा कागद छापून दिला.

यावर हसणं सोपं आहे. पण ज्याने जन्मभर माणूस बघून वस्तू दिली, त्याने माणूस न बघणाऱ्या बाजाराला काय म्हणावं? रस्ताभर काका तो कागद उलटासुलटा करत राहिले. मागची बाजू कोरी होती.

संध्याकाळी दार वाजलं. फोनवर भांडून ताईचं समाधान झालं नव्हतं. काकांनी कागद पुढे केला. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वेळ, संख्या, भाव. मग परत पहिल्यापासून वाचली.

"यात कुणाचंच नाव नाही रे."

"मशीन नाव बघतच नाही म्हणे."

"म्हणजे तू मुद्दाम नाही केलंस."

तिचा आवाज मऊ झाला होता. काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सकाळपासूनच्या गोंधळात ही एकच गोष्ट त्यांना धडधडीत कळत होती, आणि तीच गिळता येईना.

"आज नाही केलं," ते म्हणाले. "तेव्हा केलं होतं, ताई. बाबांनी शेअरच्या वारसाच्या फॉर्मवर तुझंही नाव लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

ताई ओरडली नाही, उठलीही नाही. तिने कागदाची घडी घातली.

"बाबांनी वाचलं नाही?"

"त्यांना दिसत कुठे होतं तेव्हा? 'लिहिलंस ना?' असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, आणि त्यांनी सही केली."