नेटवर्क तुटलं की टाळ्या: इंदूर ते मावशीचं गाव

पहिले माफी मागते. मराठी मी घरात बोलते, लिहायला कोणी शिकवलंच नाही. शाळा हिंदीची होती आणि तीपण नववीत सुटली. मात्रा इकडेतिकडे झाल्या तर समजून घ्या. टाइप एकाच अंगठ्याने करते, म्हणून हे लिहायला खूप वेळ लागला. पण ट्रिप अशी झाली ना यार, की पोटात राहीचना!

ठरलं कसं ते सांगते. माझे जीजू, मतलब ताईचे मिस्टर, मोबाइल नेटवर्कच्या टेस्टिंगचं काम करतात. गाडीत पुढे फोन लावायचे आणि रस्तोरस्ती फिरायचं. फोन आपोआप कॉल लावतात, काटतात, परत लावतात. लॅपटॉपच्या नकाशावर टिपके पडत जातात. नेटवर्क चांगलं तर हिरवा, ठीकठाक तर पिवळा, गेलं तर लाल. त्यावरून ऑफिसवाले ठरवतात की कुठे टॉवर पाहिजे आणि कुठे अँटिना फिरवायचा.

आणि माझी मावशी राहते महूच्या पुढे, मानपूरच्या बाजूला, टेकडीखालच्या एका गावात. मी कोणाशी जास्त बोलत नाही. शाळा सुटल्यापासून तर एकट्या मावशीशीच बोलते. पण तिच्या घरात नेटवर्क नाही. संध्याकाळी ती गावातल्या पटेलजींच्या छतावर चढते, तिथेच काय ते येतं, मागे लाइन लागलेली असते, आणि मी मनातलं काही सांगायला लागले की मागचे ओरडतात चलो, चलो, आणि कट! गावाने किती वेळा तक्रार केली. उत्तर एकच येतं, तुमच्याकडे नेटवर्क बरोबर आहे.

मी ताईला सांगितलं, ताईने जीजूंना. जीजूंनी ऑफिसचा नकाशा उघडला. मावशीचं गाव हिरवंगार!

"छोटी, ही जुनी टेस्ट आहे," जीजू म्हणाले. "गाडी वरच्या रोडने निघून गेली असेल. खाली उतरायला रस्ता कुठेय? या हफ्त्यात त्या साइडची लिस्ट फायनल होतेय. लाल दाखवलं तर काही होईल, नाहीतर हिरवंच राहणार. मला खाली पायी जायला एक माणूस पाहिजे. येते?"

मी मान हलवली. मान हलवणं मला जमतं.

सकाळी सकाळी निघालो. स्वेटर घालूनच जा, महूच्या पुढे हवा अशी लागते की नाक जागेवर आहे का ते बघावं लागतं. गाडी चालवायला बबलू भिया होते आणि मला पुढची सीट! समोर फोनांची अशी रांग, जशी विमानात असते. (विमानात बसले नाहीये, पण असंच असेल.)

राऊला पोहे-जलेबी खाल्ले. इंदूरहून निघाल तर पोट इथेच भरून घ्या, स्वस्तात होतं. कॉलेजच्या बाजूला सगळ्या फोनांवर नेटवर्कच्या दांड्या फुल, पण डाउनलोड हलेचना.

"टावर तो फुल है भिया, फिर ये गोल-गोल क्यों घूम रिया है?" बबलू भियांनी विचारलं.

जीजूंनी पोहेवाल्याकडे बोट दाखवलं. "त्याचा आवाज इथपर्यंत येतोय ना? ते झालं कव्हरेज. पण काउंटरवर एवढी पोरं उभी आहेत की तुमची प्लेट कधी येईल माहीत नाही. ती कॅपॅसिटी. इथे आवाज आहे, प्लेट नाही. मावशीकडे तर आवाजच नाही."

मला एकदम समजलं! शाळेत कोणी पोह्यांनी का नाही शिकवलं?

महूपर्यंत रस्ता मक्खन आहे. तिथे चहाला थांबलो तर चहावाले काका काचेतून आत बघायला लागले. फोन लागत होते, कटत होते, परत लागत होते.

"ये बार-बार किसको लगा के काट रिये हो?"

"सास को," बबलू भिया म्हणाले. माझ्या नाकातून चहा आला.

महूच्या पुढे वळणं सुरू झाली. वरच्या रोडवर सगळे टिपके हिरवे, अगदी मावशीच्या गावाच्या वर उभे राहिलो तरी! आणि टेकडीवर टॉवर समोर दिसतोय. माझं तर तोंडच उतरलं.

जीजूंनी माझ्या पाठीवर बॅग टांगली, त्यात टेस्टचे फोन. हातात टॅबलेट दिला, कानात तार. "मी वर लॅपटॉपवर बसतो. तू बोलत बोलत उतर. काहीही बोल, थांबू नको."

काय बोलणार? "गहू," मी म्हटलं. "गहू. अजून गहू. बकरी. बकरी माझ्याकडे बघतेय. परत गहू." जीजू हसत होते. चिंचेच्या झाडापाशी आवाज फाटला आणि बंद. टॅबलेटवर लाल टिपका! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. बकरी पळाली.

मग गडबड झाली. आम्ही येणार हे मावशीने आधीच गावभर सांगून टाकलं होतं. पटेलजी साफा बांधून समोरच आले, मागे अर्धं गाव. "नेटवर्क वाली मैडम आई है! कौन बोला हमारे गाँव में नेटवर्क नी है?" मला सरळ छतावर नेलं. तिथे कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीवर चादर, बाजूला चहा. बसले तशी कानात घंटी वाजली.

"छोटी, कुठे बसलीस तू?" जीजू ओरडले. "हिरवे पडतायत! ढीगभर हिरवे! उतर तिथून!"

पटेलजी दांड्या बघून असे खुश, जसा टॉवर त्यांनीच लावलाय. मावशी अंगणवाडीत काम करते, तिथून धावत आली होती, जिन्याच्या खाली उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मान हलवून काम होणार नव्हतं.

"पटेलजी," मी म्हटलं, "मुझे वहाँ ले चलो जहाँ नहीं आता."

"बेटा, मेहमान को खराब जगह बताऊँ? अच्छा लगेगा?"

"अच्छी जगह बताओगे तो वो लिखेंगे सब अच्छा है. फिर मावशी रोज आपकी छत पे चढ़ेगी. और मेरी बात आधी रहेगी."

मग खालून मावशी ओरडली, "अगं बाई, ही बोलली!"

पटेलजी असे हसले की साफा सांभाळावा लागला. आणि मग काय विचारता! वरात निघाली. "मेरे यहाँ तो बिल्कुल नी आता!" "अरे मेरे बाड़े में उससे भी कम!" खराब नेटवर्कची कॉम्पिटिशन! लाल टिपका पडला की पोरं टाळ्या वाजवत होती. एका आजोबांकडे पिवळा आला तर बिचारे नाराज झाले.

सगळ्यात लाल निघालं मावशीचं स्वयंपाकघर. तिथे बसून बाफले, मतलब उकडून भाजलेल्या बाट्या खाल्ल्या, वरून तूप, सोबत तिचा मिरचीचा ठेचा. मालव्याचं आणि आमचं असं एकाच ताटात फक्त तिच्याकडेच मिळतं. मला जे किती दिवसांपासून सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. एकदा पण कट नाही झालं.

परत वर गेले तर जीजू लॅपटॉप मांडीवर घेऊन हसत होते. "नवीन टॉवर लगेच नाही मिळणार. पण वरचा अँटिना गावाच्या डोक्यावरून पलीकडे बघतोय. तो खाली वाकवा म्हणून लिहितो."

संध्याकाळी इंदूर. गाडी जीजूंच्या कंपनीची होती, तुम्ही जाल तर महूपर्यंत बस, पुढे टू-व्हीलर बेस्ट. घरी आल्यावर ताईने गराडूचे कंद तळले आणि मी इतकी बोलले की आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

नंतर बरेच दिवस काहीच नाही. परवा भर दुपारी फोन वाजला. मावशी. पण दुपारी ती छतावर कशी? हॅलो म्हणायच्या आधीच कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मावशी! तू कुठेयस?"

"ओळख."

दुसरी शिट्टी.

"स्वयंपाकघरात!!!"

"डाळ लावलीय. बोल, मागे कोणी उभं नाहीये."

आम्ही इतकं बोललो की तिची डाळ खाली लागली. जळल्याचा वास सोडून सगळं इथपर्यंत आलं.

अरे, आत्ताच आई ओरडतेय की गच्चीवरच्या कूलरमध्ये मांजरीने पिल्लं दिलीत, चार! एक पूर्ण पांढरं आहे! चालले मी!