विंगेत अडवलेली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही नईमभाईंना ओळखत नाही. ओळखत असता तर माझं तोंड उघडलंच नसतं.

आधी त्यांच्याबद्दलच सांगते. शहागंजात राहणारे, पेशानं वकील, आणि आमच्या हौशी नाटक मंडळीतले सगळ्यात मोठे नट. मोठे म्हणजे कसे? इतर नट बोलतात तेव्हा आपण ऐकतो. नईमभाई बोलायला लागले की वाटतं, हे तर माझ्याच मनात होतं, यांनी फक्त माझ्याआधी म्हटलं. केस हरलेला अशीलसुद्धा त्यांचे आभार मानून जातो म्हणे. मी पाहिलेलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एक फार जुनी परदेशी शोकांतिका करायला घेतली. राजा होऊन बसेल या धास्तीनं एका पुढाऱ्याला त्याचेच मित्र भर सभेत भोसकतात. मारणारे जमावाला कारण सांगतात, जमावाला पटतं. मग मेलेल्याचा जिवलग प्रेताशेजारी बोलायला उभा राहतो. त्याला अट एकच — मारणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. तो ठेवत नाही. भली माणसं आहेत, भली माणसं आहेत, असंच म्हणत राहतो, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तोच जमाव त्या भल्या माणसांची घरं जाळायला निघतो.

रूपांतर माझं होतं. मी शाळेत मराठी शिकवते. सगळी गोष्ट मी लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावात आणून बसवली, आणि त्या एका भाषणासाठी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घालवली. आमच्या वस्तीत जयंतीच्या मंडपात, वडिलांच्या मांडीवर बसून भाषणं ऐकत मी वाढले. भाषण म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा ताठा होता मला.

जिवलगाचं काम नईमभाईंकडे होतं. पहिल्याच तालमीत ते त्या भाषणात थांबले. म्हणाले, "ताई, पढने को लई भारी है, पण बोलताना जीभ अडतीय." सगळे हसले. दिग्दर्शकही हसले. पुढे रोज माझं एखादं वाक्य गळायचं आणि त्यांचं एखादं आत यायचं. आणि खरं सांगू? दर वेळी त्यांचंच बरोबर असायचं. तेच तर सोसवत नव्हतं. ते चुकत असते तर मी भांडून मोकळी झाले असते.

संहिता मला पाठ, म्हणून प्रॉम्प्टिंगही, म्हणजे नट अडला की विंगेतून ओळ देणं, माझ्याकडेच. भाषणाच्या मध्यावर त्या जिवलगाला गलबलून येतं आणि तो गप्प होतो, अशी जागा होती. ती शांतता नईमभाई रोज वेगळी घ्यायचे — कधी एवढीशी, कधी जीव टांगणीला लावणारी. मध्येच विंगेतून ओळ आली तर सगळ्यावर पाणी. म्हणून आमचं ठरलं होतं की खरंच विसरले तर ते बोटातली अंगठी फिरवतील. अंगठी फिरली तर ओळ द्यायची, नाहीतर तोंड बंद.

स्पर्धेच्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. नईमभाई त्या जागेपाशी आले, गप्प झाले — आणि त्यांनी अंगठी फिरवली.

मला दिसली नाही का? दिसली. स्वच्छ दिसली. ओळ माझ्या जिभेवर होती. त्यांनी पुन्हा फिरवली. मान न वळवता फक्त डोळे विंगेकडे आणले. आणि मी मनात म्हणाले — रोज स्वतःचं घालता ना, मग घाला आता.

हे मी म्हणाले. मी घाबरले नव्हते, माझं पान चुकलं नव्हतं. हा माणूस सगळ्यांसमोर पडलेला मला पाहायचा होता. नाटकातल्या मारेकऱ्यांना निदान आपण गावाचं भलं करतोय असं वाटत होतं. मला तसलं काहीही वाटत नव्हतं.

ते पडले नाहीत. ते खाली बसले. मयताच्या घरी बसतात तशी प्रेताच्या उशाशी मांडी घातली आणि जमावाला अगदी हळू विचारलं, "यांच्या घरी आज चूल पेटली नाय. भाकरी कोण नेणार?"

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी भाकरी पोचवायची, ही आपल्याकडची रीत. हिंदू, बौद्ध, मुसलमान, कुणाचंही घर असो. जमावातलं कुणी हललं नाही, कारण संहितेत असं काही नव्हतंच. मग त्यांनी मारणाऱ्यांकडे पाहिलं. आवाजात रागाचा लवलेश नाही. "ही भली माणसं हायेत. भाकरी यांच्याच घरून जाऊ द्या. लेकरं इचारतील, कुणाच्या घरची? तर नाव सांगा यांचं."

मी विंगेत उभी राहून रडत होते. सुट्टीभर लिहून मला जे जमलं नाही, ते या माणसाला मी दगा दिलेला असताना, तिथल्या तिथं सुचलं होतं. एवढं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची किळस येत होती, दोन्ही एकदम.

प्रयोगानंतर ते रंग न पुसताच माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारणार. त्यांनी हात जोडले. "ताई, मी अंगठी फिरवली आणि तुम्ही ओळ दिली नाय. तुम्हाला कळलं व्हतं, मला गरज नाय. इतका भरवसा तर माझा बी माझ्यावर नव्हता."

मी हसले. पुढे लोक त्या भाकरीच्या वाक्यासाठी माझं कौतुक करायला लागले, तेव्हा मात्र मी लगेच सांगितलं की ते वाक्य नईमभाईंचं. त्या प्रामाणिकपणाचीही वाहवा झाली. लहानसं खरं पुढं केलं की मोठं खोटं कसं झाकलं जातं, ते मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून मंडळीत नवीन मुलं आली की नईमभाई त्यांना हा किस्सा सांगतात. नटावर भरवसा कसा टाकावा ते ताईंकडून शिका, म्हणतात. मी शेजारीच बसलेली असते, चहा पीत.

यंदा तेच नाटक पुन्हा बसवतोय. नईमभाईंनी साठी ओलांडलीय. शब्द निसटतात, आणि ते त्यांना माहीत आहे. भूमिका नको म्हणत होते. मग म्हणाले, विंगेत ताई बसणार असतील तरच करतो.

परवा तालमीत ते त्याच भाषणात अडले. हात अंगठीकडे गेला न गेला तोच मी ओळ दिली — इतक्या घाईनं की समोर बसलेली मुलं दचकली. त्यांनी भाषण पुरं केलं. मग पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आले. चेहरा उतरला होता. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "आता भरवसा नाय राहिला का ताई माझ्यावर?"

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "तसं नाही हो नईमभाई. चुकून गेली ओळ. आता नाही देणार."

त्यांना बरं वाटलं. प्रयोग पुढच्या शनिवारी आहे.